न दचकणारी कबुतरं

फायली सगळ्या ग्वाल्हेरला गेल्यात. दर वर्षी जातात, ट्रकांत भरून, कारण हिवाळ्यात राजधानी तिकडे असते, आणि उन्हाळ्यात परत येतात. तोवर आमच्या ऑफिसात मी, माझा टाइपरायटर, आणि एक चपराशीजी, जे दारात उन्हाला स्टूल टाकून घोरतात. माझी स्पीड चांगली आहे, क्लासमध्ये पहिली आलेली, तर म्हटलं बसल्या बसल्या काकांच्या कबुतरांचं सगळं ठोकून टाकावं. चुका होतील, होऊ देत. मी नाही लिहिलं तर कुणीच लिहिणार नाही, काका तर आता त्याबद्दल बोलतच नाहीत.

काका मतलब बाबांचे मोठे भाऊ. लग्न केलं नाही. आमचे पणजोबा दरबारच्या कबुतरखान्यावर होते, मग आजोबा, मग काका. बाबा तेवढे मास्तर झाले. दसऱ्याला स्वारी निघायच्या आधी तोफांची सलामी व्हायची, आणि पहिली तोफ उडाली की राजवाड्यावरून पांढरीशुभ्र कबुतरं सोडायची. सगळी एकजात पांढरी, एक डाग नाही. त्यांनी एक गोल चक्कर मारायची, तोफा धडाडत असताना, आणि परत येऊन छज्ज्यावर ओळीने बसायचं. मी लहान होते तेव्हा बघितलंय. खाली हत्ती बिचकायचा, घोडे बिचकायचे, बायका कानात बोटं घालायच्या. कबुतरं नाही. ती बसायची, जसं काही कुणी खोकलं असेल नुसतं.

ही गोष्ट आपोआप नव्हती झालेली. पणजोबांचा नियम होता. दसऱ्याच्या आधी महिनाभर सकाळी तालीम चालायची, एक माणूस ठासणीची भरमार बंदूक हवेत उडवायचा, आणि पणजोबा नुसते बघत बसायचे. जे कबूतर दचकलं, फडफडलं, रांगेतून फुटलं, ते बाद. बाद मतलब मारायचं नाही, पाप लागतं. टोपलीत घालून खान नदीच्या पलीकडे नेऊन सोडून द्यायचं. उरलेल्यांच्याच जोड्या लावायच्या. पुढल्या वर्षी त्यांची पिल्लं, परत बंदूक, परत बाद. तीन पिढ्या हेच चाललं. आमच्या पिढ्या तीन, कबुतरांच्या किती झाल्या असतील विचार करा!

मग राज्य विलीन झालं, मध्यभारत झाला, दसऱ्याच्या तोफा गेल्या. कबुतरखान्याच्या जागी कसलं तरी दफ्तर येणार होतं. काकांना कुणी तरी म्हणालं, घेऊन जा बुवा तुमची पाखरं. काका टोपल्या घेऊन तीन फेऱ्यांत आमच्या घरी आले. चाळीसच्या वर होती. आमची गच्ची लहान, दोन खाटा मावतील एवढी, पाण्याची टाकी, वाळवणाची दोरी. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"भाऊजी, माझे पापड कुठे वाळू घालू?"

"अहो, ही सरकारी पाखरं आहेत, पापडाला तोंड नाही लावत."

"सरकार कुठंय आता? आणि शिटतात तर साध्या पाखरांसारखीच ना?"

पण काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की ही ओळ चालू राहावी. रोज संध्याकाळी मोजायचे, बोट दाखवत, ओठांत पुटपुटत. पाहुणे आले की पितळी थाळी घ्यायचे आणि एखाद्या कबुतराच्या कानाशी लाटण्याने धाडकन वाजवायचे. पाहुणा उडायचा, मी हसायचे, कबूतर डोळापण मिटायचं नाही. काका म्हणायचे, "बघितलं? आपल्या घराण्याचं पाखरू आहे. आपला एक पूर्वजही पाठ दाखवून नाही पळाला."

मी इंटरला गेले तोपर्यंत अकरा उरली होती.

अकरा! चाळीसची अकरा. कारण माहीत होतं सगळ्यांना, ससाणा. राजवाड्यावर असताना एक माणूस फक्त एवढ्याच कामाला होता की दिवसभर गच्चीवर बसायचं आणि ससाणा दिसला की बंदूक उडवायची. आमच्या गच्चीवर कोण बसणार? काका दुपारी डाळीच्या दुकानात हिशोबनीस होते, बाबा शाळेत. ससाणा समोरच्या विजेच्या खांबावर येऊन बसायचा, बाजारात भाजी बघतो ना माणूस तसं बघायचा, आणि घेऊन जायचा. अंड्यांतून पिल्लंपण आता कमी निघत होती. दोन-दोन घालायची, बसायची त्यांवर इमानदारीने, आणि आत काहीच नाही.

काका म्हणायचे, "नशीब." मीपण तेच समजत होते. मग कॉलेजात सरांनी उत्क्रांती शिकवायला घेतली.

मला आजपण तो तास आठवतो. सर तसे कंटाळवाणे, नोट्स वाचून दाखवायचे, पण त्या दिवशी खडू हातात घेऊन बोलायला लागले. म्हणाले की कुठल्याही जिवाची पिल्लं एकसारखी नसतात, थोडं थोडं वेगळेपण असतंच. त्यातलं काही आई-बापाकडून आलेलं असतं आणि पुढे पोरांकडे जातं. सगळी जगत नाहीत, जगूच शकत नाहीत, एवढं खायला आणि एवढी जागा आहेच कुठे. तर ज्यांचं वेगळेपण त्या जागी, त्या वेळी उपयोगाचं पडतं, त्यांची पोरं जास्त राहतात. परत त्यांची पोरं. बस. एवढंच. कुणी ठरवत नाही, कुणी वर बसून बघत नाही. जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब नाही झाली, आखूड मानेचे मागे पडले. आणि मग सर म्हणाले की ज्या इंग्रजाने हे शोधून काढलं, त्याने घरी कबुतरं पाळली होती, कारण कबुतरबाज माणूस जोड्या निवडून चार दिवसांत जे करतो, तेच निसर्ग न ठरवता, हळूहळू करतो.

कबुतरं! मी बेंचवर उभीच राहायची बाकी होते. माझ्या डोक्यात सगळं एकदम खटाखट लागलं, जसं मशीनवर बोटं आपोआप पडतात तसं. बंदूक. बाद. नदीपलीकडे. थाळी. ससाणा.

मी घरी पळत गेले. खरोखर पळत, सराफ्यातून, संध्याकाळची दुकानं उघडी, एक सराफ ओरडला पण, "अरे बिटिया, देख के!" काका गच्चीवर ज्वारी टाकत होते. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. इतकी खूश होते मी, मला वाटत होतं की मी त्यांच्यासाठी काही तरी आणलंय.

"काका, ससाणा त्यांना का घेऊन जातो माहितेय? कारण ती पळतच नाहीत! पारवा बघा, सावली पडली की उडतो. आपली बसून राहतात. आणि का बसून राहतात? कारण जी दचकायची ती पणजोबांनी काढून टाकली! दर वर्षी! भीतीच काढून टाकली वेचून वेचून, तांदळातले खडे काढतात तशी. ज्यांना आपण बाद म्हटलं ना काका, तीच जगायच्या लायकीची होती. त्यांची पोरं आज मजेत चरत असतील नदीपलीकडे. आणि आपण जी ठेवली..."

मग मी थांबले. कारण काकांच्या हातातली ज्वारी तशीच होती, आणि एक कबूतर त्यांच्या मनगटावर बसून ती खात होतं.

"म्हणजे आम्ही मारली," काका म्हणाले.

"नाही काका, तसं नाही, तेव्हा तोफा होत्या ना, तेव्हा तेच बरोबर होतं..."

"तीन पिढ्या."

खालून आईने ऐकलं होतं सगळं. जेवताना मला म्हणाली, "तुझ्या सायन्सला कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचं शिकवत नाहीत का ग?"

मला अजून त्या वाक्याचा राग येतो, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी नवीनच सुरू केलं. एका काठीला काळं फडकं बांधलं, आणि सकाळी कबुतरांसमोर ते फडकं झपकन आणायचे, आणि दुसऱ्या हाताने थाळी बडवायचे. त्यांना भीती शिकवायला. विचार करा, सगळा जन्म न घाबरणारी पाखरं केली त्या माणसाने, आणि आता वयाच्या साठीला तो सकाळी सकाळी गच्चीवर उभा राहून "पळ! अरे पळ ना!" ओरडतोय. शेजारच्या गच्चीवरचे भिया, भैयाला इकडे भियाच म्हणतात, दात घासता घासता विचारायचे, "काकाजी, क्या कर रिये हो? मच्छर भगा रिये हो क्या?"

"हाँ," काका म्हणायचे.

मी त्यांना सांगितलं की समजा शिकलीपण, तरी शिकलेलं अंड्यात उतरत नाही. तुम्ही आणि बाबा मोडी किती सुंदर लिहिता, मला येते का? काका काठी खाली न ठेवता म्हणाले, "मग यांच्यात आता काहीच उरलं नाही?" मी म्हटलं असेल कुणात तरी थोडंसं, पण अकरात किती असणार, निवडायला वेगळेपण तर पाहिजे ना. आपण सगळी एकसारखी करून टाकली, आणि जोड्याही आपसातच लावल्या, म्हणून अंडी फुटत नाहीत. हे सांगताना मी हळू बोलले. तेवढं शिकले होते.

पिंजऱ्यात कोंडून ठेवायचंही झालं. मीच दोन आठवडे दार लावून घेतलं होतं. त्यात दोन पिसं फुगवून कोपऱ्यात बसली ती बसलीच, आणि मेली. काकांनी दार उघडलं. म्हणाले, "उडणारं पाखरू कोंडूनच जगवायचं असेल तर भुसा भरून कपाटात ठेव ना."

पावसाळा संपेपर्यंत चार राहिली. तीन नर, एक मादी.

तेव्हा मी ते बोलले जे इतके दिवस बोलायची हिंमत नव्हती. बाहेरचं रक्त आणा. पारवा आणा. काका इतके दिवस ज्याला "विहिरीतली जात" म्हणायचे, तो. पिल्लं पांढरी नाही होणार, राखाडी होतील, पण पांढरेपणा त्यांच्या आत लपून राहील, आणि त्या राखाडी पिल्लांच्या आपसात जोड्या लावल्या तर नातवंडांत चारात एखादं पांढरं परत येईल. आणि त्यातलं एखादं दचकणारंपण असेल! पांढरं आणि दचकणारं! मी कागदावर चौकोन काढून दाखवले. काकांनी तो कागद बराच वेळ धरला, उलटा.

मग म्हणाले, "हातोदला माझ्या ओळखीचा एक पटेल आहे. त्याच्या विहिरीत पारवे आहेत."

रविवारी आम्ही बसने हातोदला गेलो. काकांनी दरबारी पगडी घातली होती, मला कळेना का. पटेल मंडीतून नुकताच आला होता, पायावर गव्हाचा कोंडा. काकांनी काय हवंय ते सांगितलं तर तो हसतच सुटला.

"काकाजी, म्हारे से मजाक करो हो? पारवा? वो तो खेत का दुश्मन है! पूरा कुआँ ले जाओ!"

"एकच हवा. नर. सगळ्यांत डरपोक जो असेल तो."

पटेलने माझ्याकडे बघितलं, की म्हाताऱ्याचं डोकं ठीक आहे ना. मी मान हलवली. मग त्याने विहिरीवर जाळं टाकलं, गडी नाही कुणी, तो स्वतः आणि मी. खाली खडा टाकला की शंभर पारवे फडाफडा वर यायचे. दोन तास लागले, आणि जो सापडला त्याने पटेलच्या अंगठ्याचं रक्त काढलं. येताना बसमध्ये टोपलीवर काकांनी आपली पगडी झाकली होती, अंधार असला की पाखरू शांत राहतं म्हणून. तरी ते सगळ्या रस्त्याने आत आपटत होतं. प्रत्येक हॉर्नला आपटायचं. काका प्रत्येक वेळी टोपलीवर हात ठेवायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "हो, हो. शाबास."

त्याला जाळीच्या खुराड्यात मादीबरोबर ठेवलं. महिन्याने दोन अंडी, दोन्ही फुटली! किती दिवसांनी! मग परत दोन. चार पिल्लं झाली. चारही राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे, मानेवर हिरवी झाक, हुबेहूब विहिरीतली. मी नाचत होते. आईनेपण वाटीत भिजवलेली डाळ दिली.

काका जाळीजवळ गेले की ती चारही पिल्लं पार मागे सरकायची, एकमेकांवर चढायची. हाताने ज्वारी दिली तर घ्यायची नाहीत. काका ठेवून लांब जायचे, मग खायची. पांढरी मादी मात्र काकांच्या खांद्यावर. मी म्हटलं, "काका, हेच तर हवं होतं आपल्याला." काका म्हणाले, "हो. तेच हवं होतं."

ते हसले नाहीत. मला तेव्हा लागलं थोडं ते.

जोड्या लावायला अजून वेळ होता, पिल्लं वयात यायची होती, पण पंख मोकळे करायला एकदा तरी सोडावंच लागतं, नाही तर उडायला शिकत नाहीत. काकांनी सोडलं. पहिल्या दिवशी परत आली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी गल्लीत कुणाची तरी वरात आली आणि फटाक्यांची माळ लागली. चारही एकदम उठली, अशी उठली की मला टाळी वाजवावीशी वाटली, इतकं सुंदर, सरळ वर, आणि मग सराफ्याच्या बाजूला. परत आली नाहीत. त्यांचा बाप तर आदल्या महिन्यातच जाळीच्या फटीतून पसार झाला होता.

सकाळी मी सराफ्यात जाऊन बघितलं. रात्री तिथे खाण्याचे ठेले लागतात, त्यांचं सांडलेलं असतं ना खाली, भुट्ट्याचा कीस, जिलबीचे तुकडे, त्यावर दीड-दोनशे पारवे चरत होते. सगळे राखाडी. सगळ्यांना दोन पट्टे. मी शीळ घातली, सोबत नेलेल्या थाळीवर बोट वाजवलं जसं काका दाणा टाकताना वाजवतात. सगळे उडून गेले. आमचे चार त्यात असतील तर असतील. त्या गर्दीत त्यांना आपसात जोडी लावायला कोण सांगणार? माझा चौकोनांचा कागद गच्चीवरच्या चार पाखरांसाठी होता, दोनशेंसाठी नाही. आतला पांढरेपणा तिथेच कुठे तरी वाटला जाईल, एकेकाला थोडा थोडा, आणि कुणाला दिसणारपण नाही. आणि चुकून कधी दिसलाच तर ससाण्याला आधी दिसेल.

मी काकांना सांगितलं की ती जिवंत आहेत, तिथेच आहेत, मतलब ओळ संपली नाही तशी. काका म्हणाले, "ती आता त्यांची झाली, बेटा. जगू देत."

त्यानंतर तिन्ही नर एकेक करून गेले. मादी राहिली. काकांनी डाळीच्या दुकानातलं काम सोडलं आणि दिवसभर गच्चीवर काठी घेऊन बसायला लागले, टाकीच्या सावलीत. एक म्हातारा आणि एक कबूतर. त्यांना माहीत होतं की याचा काही उपयोग नाही, एका मादीने ओळ चालत नाही. मी विचारलंपण नाही.

मागल्या महिन्यात काकांना ताप आला. रविवार होता, मला सुट्टी, मी म्हटलं, "मी बसते, तुम्ही झोपा." काठी घेतली, थाळी घेतली, लाटणं घेतलं. मादी कठड्यावर उन्हात बसली होती, एक पंख पसरून. मी तिच्यापासून दहा पावलांवर.

ससाणा खांबावर आला तो मला दिसला. मी जीव खाऊन थाळी बडवली. ओरडले. सगळी गल्ली बाहेर आली असेल.

ससाणा दचकला. खरंच, दचकून उडाला, लांब गेला. ती नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं फक्त, जशी काही मी दसऱ्याची तोफ आहे आणि ती आपली जागा धरून आहे. मी तिला उचलायला पळाले, थाळी हातातच होती. ससाणा टाकीच्या मागून, खालून आला. मी तीन पावलांवर होते.

कठड्यावर दोन पिसं राहिली. खाली यायला मला किती वेळ लागला माहीत नाही.

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, थाळी, ओरडणं, मग काहीच नाही. मी दारात उभी राहिले. मला वाटलं विचारतील की तू कुठे होतीस.

"थाळी वाजवलीस ना?"

"हो काका. खूप वाजवली."

"हलली?"

"नाही."

"जरापण नाही?"

"नाही काका."

मग त्यांनी मान हलवली, हळू, जशी तालमीच्या वेळी हलवत असतील, जेव्हा एखादं पाखरू बाद न करता ठेवायचं असेल.

"आईला सांग," ते म्हणाले, "पापड टाक म्हणावं गच्चीवर."